जरा सरक ना

त्या गुरुवारी एव्हिस ट्रेम्बाथ दुपारी तीनलाच घराबाहेर पडली. गाद्यांचा ट्रेलर आणायचा होता.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमध्ये जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, बेघर माणसांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय सात चर्चं मिळून करायची. आठवड्यातली एकेक रात्र एकेका चर्चकडे. सोमवार कॅथलिकांचा, बुधवार बाप्टिस्टांचा, गुरुवार एव्हिसच्या चर्चचा. गाद्या, उशा, स्लीपिंग बॅगा असा सगळा संसार एका झाकणाच्या ट्रेलरमध्ये भरलेला असायचा. तो ट्रेलर रोज एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायचा आणि माणसं पायी पायी त्याच्या मागून जायची. गाद्या दहा. परवानाच दहाचा होता, आणि गुरुवारची व्यवस्था एव्हिसकडे असल्यामुळे तिच्या दारात दहाचे अकरा कधी झाले नव्हते. तेवीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. बसमध्ये जेवढ्या सीटा तेवढीच पोरं, हे तिचं गणित निवृत्त झाल्यावरही सुटलं नव्हतं.

बाप्टिस्टांच्या अंगणात हेक्टर तिची वाट बघत उभा होता. बुधवारची रात्र तो सांभाळायचा. ट्रेलर तिच्या गाडीला जोडून झाला तरी तो बाजूला होईना.

"एव्हिस, जमलं तर गाद्या थोडा वेळ उन्हात टाक. रोज सकाळी त्यांची एक कड ओली असते."

"कुणाच्या गादीची?"

"सगळ्यांच्या. दहाच्या दहा. मी छपरावर चढून बघितलं, एक कौल फुटलेलं नाही."

"म्हातारी माणसं आहेत, हेक्टर. होतं एखाद्याला."

"दहांना एकदम?" हेक्टरने आवाज खाली आणला. "आणि वास तसला नाही गं तो. तळं आटल्यावर खाली जो चिखल उरतो ना, तसला येतो."

एव्हिसने झाकण उचलून सगळ्यात वरच्या गादीची कड चाचपली. वरून कोरडी होती. बोटं दाबली तशी आतून गार पाणी वर आलं. तिने हात कोटाला पुसला, हेक्टरला "बघते" म्हणाली आणि गाडी सुरू केली. जुलैचं ऊन तासाभरात मावळणार होतं. गाद्या वाळायच्या नव्हत्याच.

हॉल चर्चच्या मागे होता. लाकडी जमीन, एका टोकाला छोटं स्टेज, भिंतीला लागून जुना पियानो आणि चर्चमधून काढून आणून ठेवलेला एक लांब बाक. लोपेटी आधीच येऊन स्वयंपाकाला लागला होता. टोंगा बेटांवरचा हा आडदांड माणूस दिवसा मटणाच्या कारखान्यात राबायचा आणि गुरुवारी रात्री इथे. टारोच्या, म्हणजे अळूच्या, पानांत नारळाचं दूध आणि खारवलेलं मांस घालून त्याने मोठा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला होता. शेजारी भोपळ्याचं सूप रटरटत होतं.

"एव्हिसबाई, आज शून्याच्या खाली तीन जाणार म्हणे," तो म्हणाला. "मी सूपात मिरी जास्त टाकलीय. कुणी रडलं तर थंडीने रडतंय असं समजा."

सात वाजता दार उघडलं. पहिला नेहमीप्रमाणे क्लॅरी न्यूजंट. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरून कंबरेतून वाकलेला, सत्तरीचा म्हातारा. तो एव्हिसला हेडबाई म्हणायचा.

"हेडबाई, पाय पुसलेत. हात धुतलेत. गृहपाठ कुत्र्याने खाल्ला."

"आत हो, क्लॅरी. वारा येतोय."

मागून बाकीचे आले. सगळ्यात शेवटी लेनी. तो आत आला, सूपाचा वाडगा घेतला आणि उभ्यानेच पिऊ लागला. पिता पिताच चालूही लागला. स्टेजपर्यंत गेला, वळला, पियानोपर्यंत आला, वळला. जूनच्या पहिल्या आठवड्यात हाच लेनी पडल्या पडल्या घोरायचा, त्याच्या घोरण्यावर सगळे वैतागायचे. आता गालांची हाडं वर आली होती. बुटांचे तळवे झिजून पुठ्ठे लावले होते.

"लेनी, दोन मिनिटं टेक की," एव्हिस म्हणाली.

"नाही जमत, बाई."

"गादी ठेवू का आज?"

"नको. कुणा गरजूला द्या." तो थांबला नव्हताच. बोलता बोलता पुढे निघून गेला होता.

टेबलाशी बसलेले सगळे आपापल्या वाडग्यात बघत राहिले. एरवी एकमेकांची टोपी उडवणारी माणसं, पण लेनीवर कुणी विनोद केला नाही. एव्हिसला ते खटकलं.

पावणेनऊला दारावर हलकेच टकटक झाली. बाहेर एक बाई उभी होती. केस नीट बसवलेले, ओठांना लाली, हातात छोटी सूटकेस. रॉझलिन पेच. शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं होती. रोज सकाळी बस लागली की खिडकीतून एव्हिसला चहाचा कप द्यायची.

"अगं रॉझलिन! बरं झालं आलीस. भांडी घासायला एक माणूस कमीच होतं."

रॉझलिन हसली. "घासेन की. पण एव्हिस... यादीत आर. पेच लिहिलंय ना? ती मीच."

एव्हिसने पुढे होऊन सूटकेस घेतली. स्वयंपाकघरात चहा पिताना हळूहळू कळलं. नवरा गेला. घरमालकाने घर विकायला काढलं. दुसरीकडची भाडी परवडेनात. बहिणीकडे महिनाभर, मग मैत्रिणीकडे दोन आठवडे, आणि आता अकरा आठवडे तळ्याकाठी गाडीत. परवा गाडीही बंद पडली.

"कुणाला कळू देऊ नकोस," रॉझलिन म्हणाली. "विचारलं कुणी, तर मदतीला आले होते म्हणून सांग."

एव्हिसने तिची गादी स्टेजपाशी, घडीच्या पडद्याआड घातली. पडद्याच्या अलीकडे भिंतीला लागून नऊ पुरुषांच्या गाद्या एका ओळीत. नऊ वाजता लेनी न सांगताच बाहेर पडला, आणि एव्हिसने दाराला आतून कडी घातली.

साडेनऊला रॉझलिन स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरलेला.

"एव्हिस, तो वाकलेला म्हातारा मला काय म्हणाला माहितीय? रात्री कुणी 'सरक' म्हटलं तर गुपचूप सरकायचं, आणि डोळे उघडायचे नाहीत. मी नको ना राहू इथे? मी जाते. स्टेशनवर बसेन."

एव्हिसचं डोकं तापलं. हातातलं फडकं आपटून ती तडक हॉलमध्ये गेली आणि क्लॅरीला कोपऱ्यात घेतलं.

"लाज नाही वाटत? पहिलीच रात्र आहे तिची. पुन्हा असलं काही बोललास तर बाहेर काढीन, थंडी असो नाहीतर काही."

क्लॅरीने टोपी काढली. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर मस्करी नव्हती.

"घाण बोललो नाही मी, हेडबाई. तुम्हाला नव्हतं सांगायचं. सांगितलं की तुम्ही लोक बंदच कराल हे सगळं, आणि मग आम्ही जायचं कुठे?" त्याने आजूबाजूला बघितलं. "रात्री येतं ते. रोज. कुठल्याही चर्चमध्ये असू दे. पहिल्या गादीपासून सुरुवात करतं. कानाशी म्हणतं, जरा सरक ना. आपण सरकायचं. मग ते शेजारी पडतं. गार असतं... फार गार. थोडं ऊबलं की उठतं आणि पुढच्याकडे जातं. बस, एवढंच. कुणाला काही करत नाही."

"कोण करत नाही?"

"कोण ते कुणी बघितलेलं नाही."

"आणि कुणी नाही सरकलं तर?"

क्लॅरीने खिडकीकडे मान वळवली. बाहेर खडीवर पावलं वाजत होती. खिडकीखालून गेली, कोपऱ्यावर वळली, हळूहळू पुसट झाली.

"लेनी म्हणाला होता, नाही सरकत जा, ही माझी जागा आहे. बापटिष्टांकडची रात्र. तेव्हापासून त्याला कुठेच जागा नाही. बसला की उठतो. पडला की कुणीतरी ढकलल्यासारखा उभा राहतो. महिना झाला, बाई. बाकावर नाही, पायरीवर नाही, गवतावरसुद्धा नाही. चालता चालता डोळा लागतो, तेवढीच त्याची झोप."

एव्हिसने ऐकून घेतलं. थंडी, दारू, आणि एकाने घेतलेली भीती दहांना लागते, असं तिने स्वतःला समजावलं. रॉझलिनला जाऊन सांगितलं, "काही नाही गं, म्हाताऱ्याची बडबड आहे. मी जागी आहे ना." आणि दहाला दिवे मालवले.

पहिला पहारा लोपेटीचा. दोन वाजता त्याने एव्हिसला उठवलं तेव्हा त्याच्या हातात टॉर्च होता.

"काय रे?"

"काही नाही." तो इतकं हळू बोलला की तिला पुढे वाकावं लागलं. "कडी तीनदा बघून आलो. लागलेली आहे. पण दारापाशी... आतल्या बाजूला... कुणीतरी पायपुसण्यावर पाय पुसतंय असं वाटतं. बराच वेळ पुसतंय."

"उंदीर असेल."

"हो," लोपेटी म्हणाला. "उंदीरच असेल." पण स्वयंपाकघरात जाऊन पडण्याआधी त्याने ओठातल्या ओठात प्रार्थना केली, आणि मधलं दार उघडंच ठेवलं.

एव्हिस बाकावर बसली. शेजारी स्टुलावर छोटा दिवा, मांडीवर शब्दकोडं. दिव्याचा उजेड तीन-चार पावलांपुरता, पुढे नुसते स्लीपिंग बॅगांचे उंचवटे. हीटर तापत होता, टकटक करत थंडावत होता, पुन्हा तापत होता. आणि बाहेर लेनी. चर्चभोवती त्याची फेरी चालली होती. खडीवर पावलं यायची, खिडकीखालून जायची, मागच्या बाजूला पुसट व्हायची, आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा यायची. त्या पावलांमुळे एव्हिसला कोड्यात लक्ष लागेना. ती गेली की आता येतील म्हणून कान तिकडे, आली की कधी जातील म्हणून.

तीनला दहा मिनिटं असताना तिला वास आला.

आधी ओल्या लोकरीचा. मग त्याखालून गाळाचा, खूप दिवस ऊन न बघितलेल्या पाण्याचा. हीटर चालू होता, तरी घोट्यांना गारवा लागला. दारापासून काहीतरी तिच्यासमोरून गेल्यासारखी हवा हलली. दिव्याची ज्योत असती तर वाकली असती. पण दिवा विजेचा होता, तो तसाच जळत राहिला.

पहिल्या गादीवर, उजेडाच्या कडेला, क्लॅरी होता. गादीचा रबरी तळ लाकडावर घासल्याचा आवाज आला. क्लॅरी डाव्या कुशीवर वळला आणि भिंतीकडे सरकला. झोपेत सरकावं तसा नव्हे. शेजारच्याला जागा करून द्यावी तसा, बेताने. त्याच्या पाठीमागची मोकळी गादी खाली दबली.

एव्हिस बघत राहिली. तिथे कुणीच नव्हतं. गादीत खळगा पडला होता, आणि तो श्वासाबरोबर वरखाली होत होता.

किती वेळ गेला तिला सांगता आलं नसतं. खळगा भरून आला. मग दुसरी गादी घासली. दुसरा माणूस सरकला. मग तिसरा. कुणी डोळे उघडले नाहीत, पण झोपलेलं कुणीच नव्हतं. सगळ्यांचे श्वास अडकलेले होते. चौथ्याचे दात वाजले. पाचवा, काल-परवा तुरुंगातून सुटलेला दांडगा माणूस, लहान पोरासारखा हुंदका गिळून सरकला. बाहेर लेनीची पावलं आता लवकर लवकर येऊ लागली होती. तो धावत होता.

एव्हिसला उठून लोपेटीला हाक मारायची होती. ती बाकाची कड धरून बसून राहिली. सातवी गादी. आठवी. नववी. मग पडद्याच्या कापडाला कुणीतरी हात लावल्यासारखी एक लाट त्यावरून गेली.

पडद्याआडून आवाज आला. म्हाताऱ्याचा म्हणावा तर म्हाताऱ्याचा, पोराचा म्हणावा तर पोराचा. थकलेला, आणि फार अदबीने बोलणारा.

"जरा सरक ना."

रॉझलिन जागी होती. तिने स्लीपिंग बॅगची चेन वर ओढल्याचा आवाज आला.

"जरा... सरक ना."

"किती?" रॉझलिनच्या आवाजात भीतीपेक्षा दुसरंच काही होतं. "किती सरकू आणखी? घरातून सरकले. बहिणीच्या खोलीतून सरकले. गाडीतून सरकले. आयुष्यभर सगळ्यांना जागा करून दिली मी. ही एक गादी उरलीय... एवढीशी... आणि तीसुद्धा..."

खडीवर पावलं थांबली. खिडकीच्या काचेला लेनीचा चेहरा चिकटला होता. तो मान हलवत होता, नको, नको, म्हणून.

"ही माझी आहे," रॉझलिन म्हणाली. "मी नाही..."

"रॉझलिन, थांब!"

एव्हिस उभी राहिली होती. कशी, ते तिला कळलं नाही. ती पुन्हा बाकावर बसली, डाव्या टोकाला पूर्ण सरकली, आणि उजवीकडच्या मोकळ्या लाकडावर हात थोपटला, बसमध्ये उशिरा चढलेल्या पोराला जागा दाखवताना थोपटायची तसा.

"इकडे ये," ती म्हणाली. "तिला झोपू दे. इथे जागा आहे. ये... इथे बस."

क्लॅरी अंधारातून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हेडबाई, आम्ही कुणी कधी बोलावलं नव्हतं हो..."

पडद्याचं कापड हललं. वास जवळ आला. जमिनीच्या फळ्या एकेक करून दबत आल्या, सावकाश, जणू येणाऱ्याला विश्वास बसत नव्हता. एव्हिसने डोळे घट्ट मिटले.

बाक करकरला. शेजारी कुणीतरी बसलं.

गारवा आधी तिच्या मांडीला लागला, मग कुशीला, मग खांद्याला. खांद्यावर काहीतरी टेकलं, ओलं, डोक्याएवढं जड. पाणी तिच्या कोटातून, स्वेटरमधून झिरपत पोटापर्यंत गेलं. तिला हाताची बोटं जाणवेनाशी झाली. उठावंसं वाटलं, किंचाळावंसं वाटलं, पण एक गोष्ट तिला लख्ख कळत होती: आता आपण हललो तर हे परत पडद्याआड जाईल. ती बसून राहिली. हीटर तापला, थंडावला. कधीतरी पहाटेकडे तिच्या कानामागे बोटं फिरू लागली. गार, बारीक बोटं. काहीतरी शोधत असल्यासारखी, मग कशात तरी रमल्यासारखी. त्यांचा चाळा चालू असतानाच, एवढ्या भीतीतही, एव्हिसचा डोळा लागला.

सहाला लोपेटीने दिवे लावले.

"एव्हिसबाई! अहो, ओठ निळे पडलेत तुमचे!" त्याने धावत जाऊन दोन ब्लँकेटं आणली. बाकाची उजवी बाजू चिंब होती. पाणी लाकडावरून ओघळून जमिनीवर साचलं होतं. गाद्यांच्या कडा ओल्या होत्या, एक सोडून. पडद्याआड रॉझलिन तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. उशीवर लालीचा डाग पडला होता.

एव्हिसला लेनी आठवला. लोपेटीने कडी काढून दार ढकललं, ते अर्ध्यात अडलं. दारासमोर, पांढऱ्या दहिवराने झाकलेल्या पायरीवर, लेनी आडवा पडला होता. भुवयांवर बर्फ साचला होता.

"अरे देवा," लोपेटी म्हणाला आणि खाली वाकला. मग त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "घोरतोय, बाई. ऐका."

लेनीला चौघांनी उचलून आत आणलं, हीटरपाशी ठेवलं. तो उठला नाही. नियमाप्रमाणे सातला हॉल रिकामा करायचा असायचा. एव्हिसने त्या दिवशी केला नाही. लेनी दुपारी चारला जागा झाला, आधी सूप मागितलं, आणि खुर्ची ओढून तिच्यावर बसला. बसल्यावर कितीतरी वेळ तो खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत राहिला.

सकाळी निघताना रॉझलिन एव्हिसजवळ आली होती. ओल्या कोटाकडे बघितलं, आणि स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून एव्हिसच्या गळ्यात घालताना म्हणाली, "ही छोटी वेणी छान दिसते गं. काल नव्हती."

एव्हिसने हात लावून बघितलं. तिचे केस खांद्यापर्यंतचे, पांढरेशुभ्र. ती ते पिनांनी वर बांधायची. उजव्या कानामागे करंगळीएवढी बारीक वेणी होती, घट्ट, अगदी टोकापर्यंत विणलेली. घरी जाऊन तिने ती सोडवायचा प्रयत्न केला. पेड सुटेनात. तिने ती पिनेखाली दडवली.

शुक्रवारी रात्री गाद्या कोरड्या राहिल्या. शनिवारीही. हेक्टरने पुढच्या बुधवारी मुद्दाम फोन करून सांगितलं की काय केलंस माहीत नाही, पण एकदम ठणठणीत आहेत. क्लॅरी पुन्हा विनोद करू लागला. फक्त एव्हिस जवळून गेली की तो तिला जरा जास्तच जागा देऊन बाजूला व्हायचा. ऑगस्ट संपला, ट्रेलर गोदामात गेला. सप्टेंबरात रॉझलिनला सरकारी खोली मिळाली, दुसऱ्या मजल्यावरची, सकाळचं ऊन येणारी. एव्हिस तिच्याकडे चहाला गेली. रॉझलिनने शाळेतल्यासारखं खिडकीपाशी उभं राहून कप पुढे केला, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या.

ऑक्टोबरात ऊन वाढलं तशी एव्हिस केस कापायला गेली. जनीन तिचे केस वीस वर्षं कापत होती. तिने पिना काढल्या आणि थांबली.

"ही वेणी कुणी घातली?"

"सुटतच नाहीये. तू बघ."

जनीनने बारीक कंगव्याचं टोक घालून पेड मोकळे केले. बराच वेळ लागला. "दोन पेड तुमच्या केसांचे आहेत," ती म्हणाली. "तिसरा तपकिरी आहे. लांबलचक. हे खोटे केस कधी लावून घेतलेत?"

"मी? वेड लागलंय का तुला?"

जनीनने ती तपकिरी बट चिमटीत धरून जरा ओढली. एव्हिस कळवळली. दुखलं ते डोक्याच्या कातडीत, खोल.

"तुमचेच आहेत," जनीन हळू आवाजात म्हणाली. "मुळापासून उगवलेत. पण असं... एकाच ठिकाणी..." तिने बट तळहातावर घेतली. "आणि ओली का आहे? मी तर अजून पाणीही लावलं नाही."

तिने गरम हवेचं यंत्र लावलं. पाच मिनिटं धरलं, दहा मिनिटं धरलं. आजूबाजूचे पांढरे केस उडून मोकळे झाले, एव्हिसचा कान लाल झाला. बटेच्या टोकाशी थेंब जमत होता, खाली पडत होता, पुन्हा जमत होता. पांढऱ्या टॉवेलवर मातकट डाग पसरत चालला.

जनीनने यंत्र बंद केलं. "कापूनच टाकते," ती म्हणाली आणि कात्री उचलली.

एव्हिसने तिचं मनगट पकडलं. एवढं जोरात, की कात्री खाली पडली.

"नको," एव्हिस म्हणाली. "तिला दुखेल."

जनीनने आरशातून तिच्याकडे बघितलं. "कुणाला?"

एव्हिसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आपण 'तिला' का म्हणालो, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.